कापडाच्या मागून

गुरुवारी रात्री दहाला मोफिजुल शटर अर्धं ओढतो.
रुवीच्या त्या गल्लीत मग वाकून आत शिरायचं,
तिकीट म्हणाल तर तेवढंच.

दुकान ते केवढं? चार मशीन, एक इस्त्री,
आणि पांढऱ्या कापडाचा नवा ताका.
तो उलगडून छताच्या आकड्यांना टांगतो.
एका पन्ह्यात सिनेमा मावत नाही,
म्हणून दोन पट्टे, मधे टाचण्या.
प्रत्येक नटाच्या तोंडावरून ती रेघ जाते.
आम्हाला सवय झालीय.

एसी चालू ठेवला तर संवाद ऐकू येत नाहीत,
बंद केला तर चष्म्यांवर वाफ.
दर आठवड्याला हात वर करून ठरतं,
दर आठवड्याला संवाद जिंकतात
एका मताने. ते मत मोफिजुलचं,
ज्याला त्यातली एकही भाषा येत नाही.

पुढे पंधरा माणसं मावतात. उरलेले मागे,
कापडाच्या पलीकडे, मशीनच्या पायट्यांवर.
मी मागचा.
गावच्या जत्रेतही तंबूत स्वस्तातली जागा
पडद्यामागेच असायची.
तिथे मी उलटी अक्षरं वाचायला शिकलो,
आणि दहा वर्षांचा होईतो मला वाटायचं
नायक म्हणजे डावखुरा माणूस.

काल शमसा आली होती, कॉलेजातली,
पेनड्राइव्हमध्ये स्वतःचा सिनेमा घेऊन. अकरा मिनिटं.
तिचे आजोबा मत्रहच्या बाजारात सुरमई विकतात,
एवढंच.
सुरी पाण्यात बुडते, वर येते.
काटा थरथरतो, ठरत नाही.
आजोबा गिऱ्हाइकाला एक शिवी देतात,
खाली इंग्रजीत लिहिताना तिने ती धुऊन घेतलीय
हे पुढे बसलेल्या ओमानी पोरांच्या हसण्यावरून कळलं.

सहाव्या मिनिटाला, आजोबांच्या खांद्यामागून
बर्फाची लादी पोत्यात धरून एक माणूस गेला.

केरबा, असं कुणीतरी म्हणालं.
कुणीतरी काय, मीच म्हणालो.

केरबा सुरनर. अहमदपूरकडचा.
आमच्या खोलीतला, खिडकीजवळचा पलंग.
मार्चात आउटपासवर गेला.
विमानतळावरून एक मिस्ड कॉल,
मग नंबर बंद.
गावी फोन केला तर बायको विचारते,
निघाले का तिकडून?

मागे घे. मागे घे रे जरा.
शमसाने घेतला. आठ सेकंद.
तिला ठाऊकच नव्हतं
की हा माणूस तिच्या सिनेमात आहे.
पुन्हा. परत एकदा.
पाचव्या वेळी कुणीतरी एसी लावला,
त्या आठ सेकंदांत संवाद नव्हतेच.

बाजाराचं फाटक डाव्या हाताला, हे सगळ्यांना माहीत.
पुढचे म्हणाले, डावीकडे गेला, म्हणजे बाहेर पडला.
आम्ही मागचे म्हणालो, कुठे?
उजवीकडे आला. आत.
थोडा वाद झाला. दोन-तीन भाषांत.
चूक आमची, हे मलाही कळतं,
मी लिफ्ट दुरुस्त करतो,
वर कुठलं आणि खाली कुठलं यावर माझं पोट चालतं.
तरी मी उठून पुढे गेलो नाही.

निघताना शमसाने त्याचं नाव विचारलं,
हातावर पेनाने लिहून घेतलं,
सुरनरमधला 'सु' तिने दोनदा गिरवला.
शेवटच्या पाटीत घालते म्हणाली.

सगळे गेल्यावर मोफिजुल कापड उतरवतो.
टाचण्या एकेक काढून ओठांत धरतो,
इस्त्री फिरवतो, घडी करतो.
शनिवारी कात्री लागेल.
सोमवारी चार दिशदाशा द्यायच्यात,
गळ्याशी गोंडा, गोंड्याला अत्तर,
कुणीतरी त्यातली एक घालून लग्नाला जाईल.

मी विचारलं, केरबा कुठल्या पट्ट्यावर होता?

तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलता येईना.
त्याने आधी एका घडीवर हात ठेवला,
मग दुसऱ्या.